फायलीत नसलेला कागद

प्रेमकथेतली प्रत्येक गोष्ट पटलीच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्या माणसाने प्रेमकथांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे फार पूर्वीपासूनचे मत आहे. आमच्या आयांनी ना. सी. फडके वाचले आणि त्यांच्या उशाखालून पळवून आम्हीही वाचले, ते काही नायकाच्या उत्पन्नाचे साधन काय याचा तपास करत नव्हे. पुढे बँकेत कर्जविभागात बसायला लागल्यावर मात्र ती खोड मला लागली. एखादा नायक अचानक मोटार काढून हवा खायला निघाला, की पेट्रोलचे पैसे कोणी दिले असा प्रश्न मनात येई. पण तो प्रश्न गमतीचा असे. कथा रंगलेली असली की वाचक आपणहून शंकांवर पांघरूण घालतो. लेखकाने न सोडवलेल्या अडचणी तो स्वतःच सोडवून देतो आणि त्यात त्याला सुखही वाटते.

असे असताना एखाद्या प्रेमकादंबरीने मन खट्टू केले, तर ते केवळ 'असे कुठे असते का?' एवढ्यावरून झालेले नसणार. मग ते कशावरून झाले, हे शोधावेसे वाटले म्हणून हा लेख. निमित्त आहे निकोला यून या अमेरिकन लेखिकेच्या 'एव्हरीथिंग, एव्हरीथिंग' या कादंबरीचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेली ही त्यांची पहिलीच कादंबरी. अमेरिकेत किशोरवयीन मुलामुलींसाठी लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांचा एक मोठा वर्ग आहे, 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात त्याला. त्या वर्गातली ही गाजलेली प्रेमकथा. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली. २०१७ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. आपल्याकडे इंग्रजी शाळांतल्या मुली अशी पुस्तके एकमेकींत फिरवून वाचतात. माझ्याकडे ती आली बहिणीच्या नातीकडून. दहावीची परीक्षा संपल्यावर तिने ती दोन दिवसांत संपवली, रडून डोळे लाल केले आणि "मावशीआजी, तू वाचच," म्हणून माझ्या पिशवीत घातली.

आता कथा सांगते. शेवटही सांगणार आहे, कारण त्याशिवाय पुढे काही बोलताच येणार नाही. ज्यांना कादंबरी वाचायची असेल त्यांनी हे पान दुमडून ठेवावे आणि नंतर यावे.

मॅडलिन व्हिटियर ही अठरा वर्षांची मुलगी. तिला 'सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशिअन्सी' नावाचा दुर्मीळ आजार आहे. शरीरात रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नाहीच. त्यामुळे सतरा वर्षे ती घराबाहेर पडलेली नाही. घराला दुहेरी दारे, हवा गाळून आत येणारी, भिंती पांढऱ्या, कपडे पांढरे. पुस्तकेसुद्धा नवी कोरी, निर्जंतुक करून प्लास्टिकमध्ये बंद होऊन येतात. वडील आणि थोरला भाऊ ती तान्ही असतानाच अपघातात गेले. आई डॉक्टर आहे. दिवसा कार्ला नावाची परिचारिका सोबतीला असते. शेजारच्या घरात एक नवे कुटुंब राहायला येते. त्यातला मुलगा ऑली, काळ्या कपड्यांतला, भिंतींवर माकडासारखा चढणारा, घरात दारुड्या बापाचा मार पाहणारा. आधी खिडकीतून खाणाखुणा, मग संगणकावरून गप्पा, मग कार्लाच्या मेहेरबानीने चोरून भेटी. आईला कळल्यावर कार्लाची नोकरी जाते. आणि एके दिवशी मॅडलिन घर सोडून ऑलीबरोबर थेट हवाई बेटांवर जाते. तिथे दोघे समुद्र पाहतात, प्रेमात बुडतात आणि ती मरणाच्या दारी पोचते. हृदय बंद पडते, पुन्हा सुरू होते, आई येऊन तिला घरी नेते. पुढे त्या हवाईतल्या डॉक्टरणीचे पत्र येते: तुला हा आजार आहे असे मला वाटत नाही. तिला तो नसतोच. नवरा आणि मुलगा गमावलेल्या आईचे मन ठिकाणावर राहिले नव्हते. उरलेले एक लेकरू जाऊ नये म्हणून तिने त्याला आजारी ठरवून कोंडून ठेवले. मॅडलिन आईला सोडून न्यूयॉर्कला जाते आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात ऑलीला भेटते. समाप्त.

पुस्तकात चांगले काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रकरणे आटोपशीर आहेत, कुठे तक्ते, कुठे यादी, कुठे मॅडलिनने लिहिलेली एका ओळीची पुस्तकपरीक्षणे. लेखिकेच्या पतीने, डेव्हिड यून यांनी, काढलेली चित्रे मजकुरात बेमालूम मिसळलेली आहेत. नायिकेची आई जपानी वंशाची आणि वडील कृष्णवर्णीय; अशा मुलीला प्रेमकथेची नायिका होण्याचा मान तिकडेही सहज मिळत नव्हता. शिवाय पहिला अर्धा भाग खरोखर रंगतो. काचेपलीकडच्या माणसाकडे पाहत राहण्याची जी ओढ आहे, ती लेखिकेला नेमकी साधली आहे. मी रात्री साडेबारापर्यंत वाचत बसले होते, हे कबूल केले पाहिजे.

पहिली ठेच लागली ती हवाईच्या तिकिटांपाशी. तिकिटांचे पैसे आले कुठून? तर मॅडलिनने संगणकावर अर्ज करून क्रेडिट कार्ड मिळवले. इथे माझ्यातली निवृत्त अधिकारी खाडकन जागी झाली. अठरा वर्षांची मुलगी, उत्पन्न शून्य, आजवर कोणाकडून एक डॉलर उसना घेतल्याची नोंद नाही. अमेरिकेत २००९ साली क्रेडिट कार्डांविषयी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. एकवीस वर्षांखालच्या अर्जदाराने परतफेडीची स्वतःची ऐपत तरी दाखवावी, नाही तर ऐपतदार सहकर्जदार तरी आणावा, अशी त्यात तरतूद आहे. विद्यार्थ्यांना कार्डे वाटत सुटलेल्या बँकांना आवर घालण्यासाठीच ती केलेली होती. म्हणजे या मुलीचा अर्ज कोणत्याही शाखेतल्या नवशिक्या कारकुनाने परत पाठवला असता. विमानतळावरच्या ओळखपत्राचा प्रश्न मी काढतच नाही.

पण हे मी सोडून देते. खरेच सोडून देते. कार्डाच्या जागी आजीने ठेवलेल्या बांगड्या असत्या, तर आपण काही बोललो नसतो. तिकिटे कुठून आली हा कथेचा जीव नाही. कथेचा जीव आहे तो आजार. आणि मन विटू लागले ते तिथे.

हा आजार लेखकांच्या कल्पनेतला नाही. त्याला एक चेहरा आहे, तो टेक्सासमधल्या डेव्हिड व्हेटरचा. १९७१ च्या सप्टेंबरात ह्यूस्टन इथे जन्मलेला हा मुलगा जन्मल्यानंतर काही सेकंदांतच निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात ठेवला गेला, कारण त्याचा आधीचा भाऊ याच आजाराने सात महिन्यांचा होऊन गेला होता. वर्तमानपत्रांनी त्याला 'बुडबुड्यातला मुलगा' असे नाव दिले. पाणी, दूध, खेळणी, लंगोट, सगळे निर्जंतुक करून आत जाई. त्याला हात लावायचा तो प्लास्टिकच्या भिंतीत बसवलेल्या रबरी हातमोज्यांतून. १९७७ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, नासाने, त्याच्यासाठी खास पोशाख बनवला. तो घालून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या आईने त्याला पहिल्यांदा कवेत घेतले, तेही पोशाखासकट. उण्यापुऱ्या सात वेळाच तो पोशाख वापरला गेला. १९८३ मध्ये बहिणीची अस्थिमज्जा त्याला देण्यात आली. त्या मज्जेत त्या काळच्या तपासणीला न सापडणारा एक विषाणू लपलेला होता. १९८४ च्या फेब्रुवारीत, बाराव्या वर्षी, डेव्हिड गेला. शेवटच्या दिवसांत त्याला कक्षाबाहेर काढले होते, तेव्हा आईला त्याच्या उघड्या त्वचेला हात लावता आला.

डेव्हिडची गोष्ट वाचल्यावर मॅडलिनच्या घरातली पांढरी सोफासेटची सजावट पाहवत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, डेव्हिडच्या काळातही हा आजार म्हणजे आयुष्यभराची काचेची खोली असा समज डॉक्टरांचा नव्हता. त्याला कक्षात ठेवले होते ते उपचार मिळेपर्यंत. अस्थिमज्जा रोपणाने असे मूल वाचवण्यात १९६८ सालीच अमेरिकेत यश आले होते. बाळ साडेतीन महिन्यांचे व्हायच्या आत, जंतुसंसर्ग होण्यापूर्वी रोपण झाले, तर नव्वद टक्क्यांहून अधिक मुले जगतात असा तिकडचा अनुभव आहे. उपचार झालाच नाही, तर अशी मुले बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच जातात. २००८ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून हा आजार शोधायला सुरुवात केली आणि २०१८ अखेर अमेरिकेतली सगळी राज्ये ती तपासणी करू लागली. म्हणजे मॅडलिनचा जन्म झाला असेल तेव्हा, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, रोपणाला जवळपास तीस वर्षे झाली होती. आई स्वतः डॉक्टर. मुलगी दिवसभर इंटरनेटवर. आणि सतरा वर्षांत 'रोपणाचे काय?' हा एक प्रश्न या घरात कोणी लावून धरत नाही! न मुलगी, न परिचारिका, न प्रेमात पडलेला हुशार मुलगा.

आपल्याकडची गोष्ट आणखी वेगळी आहे. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांचे निदान होते. पण आपल्याकडे नवजात बाळांची अशी तपासणी सार्वत्रिक नाही. उलट जन्मल्याबरोबर आपण बाळाला क्षयाची बीसीजी लस टोचतो. कोट्यवधी मुलांना ती उपकारक आहे, पण या आजाराच्या बाळाच्या शरीरात तिच्यातले जिवंत जंतूच पसरू शकतात. थोरले मूल असे काहीतरी होऊन गेले असेल, तर धाकट्याला लस देण्याआधी डॉक्टरांना ते सांगावे, हे प्रत्येक आजीला माहीत असायला हवे. पूर्वी घराघरांत 'आधीचे एक पाचव्या महिन्यात गेले' असे सांगत, त्यातली काही गेली ती कशाने, हे आता कोण सांगणार?

विषयांतर झाले. पण अशी माहिती हाताशी असताना लेखिकेने आजार निवडला तो केवळ प्रेमिकांमध्ये एक काच हवी म्हणून, ही शंका बळावत जाते. आणि ती काचसुद्धा नीट बसवलेली नाही. कार्ला रोज स्वतःच्या घरून येते, तिला मुलगी आहे. वास्तुकला शिकवणारे शिक्षक तासभर हवेने शुद्ध होऊन आत येतात. २०१५ च्या वाचकाने हे चालवून घेतले असेल. २०२० नंतरच्या वाचकाचे तसे नाही. आपण सगळ्यांनी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या आहेत, वर्तमानपत्र उन्हात ठेवले आहे, दारात आलेल्या मुलाशी जाळीतून बोललो आहोत. एका माणसाच्या जाण्यायेण्याने घरात काय येऊ शकते, हे आपण वर्षभर रोज मोजले. त्या अनुभवानंतर मॅडलिनच्या घराची ती दुहेरी दारे नाटकातल्या पडद्यासारखी दिसतात. अर्थात लेखिकेकडे याला उत्तर आहे: आजार खोटाच होता ना, मग दारे ढिली असली तर बिघडले कुठे? उत्तर चतुर आहे. पण मग वर्षानुवर्षे रोज तिची नाडी पाहणाऱ्या, ताप मोजणाऱ्या जाणत्या परिचारिकेच्या मनात आले काय, आणि आले असेल तर ती बोलली का नाही, ही एक अख्खी कादंबरी लेखिकेने दारातच ताटकळत ठेवली.

बहिणीच्या नातीला मी यातले थोडे बोलून दाखवले. ती चिडली.

"मावशीआजी, तू ना, लोन द्यायचं असल्यासारखी पुस्तकं वाचतेस."

"बरं. मग तू कशी वाचलीस ते सांग."

"मला तिचं बाहेर पडणं आवडलं. तिला माहीत होतं की आपण मरू शकतो, तरी ती गेली. आजारबिजार काय, तो तर निमित्त आहे गं. सगळ्यांनाच कोणीतरी आत ठेवलेलं असतं."

हे शेवटचे वाक्य मी दोन दिवस मनात घोळवत होते. पंधरा-सोळाव्या वर्षी असेच वाटते आणि ते खोटेही नाही. आई नको म्हणते, बाबा नको म्हणतात, क्लास, परीक्षा, रात्री आठच्या आत घरी. काच सगळ्यांच्याच खिडकीला असते. तिचे म्हणणे मला पटले. आणि पटल्यावर पुस्तकाचा राग अधिकच आला. कारण मरणाची शक्यता पत्करून ती बाहेर पडली, हे ज्या धाडसाचे मोल, ते शेवटी लेखिकेनेच रद्द केले. मरणाची शक्यता नव्हतीच म्हणे! मग पत्करले काय?

दुर्धर आजार आणि प्रेम ही जोडी काही नवी नाही. 'आनंद' आपण १९७१ पासून पाहत आलो आहोत. १९७५ च्या 'मिली'त तर हृषीकेश मुखर्जींनी नायिकेला उपचारासाठी परदेशी जाणाऱ्या विमानात बसवून चित्रपट संपवला. ती वाचते की नाही, ते सांगितले नाही. पण तिचा आजार तिच्याबरोबर विमानात होता. जॉन ग्रीन यांच्या २०१२ च्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'मधली मुले कर्करोगासकट प्रेम करतात. त्यावरून २०२० मध्ये आपल्याकडे 'दिल बेचारा' आला. या कथा रडवतात, कधी जरा जास्तच रडवतात. पण त्यांत आजारी माणसावर कोणीतरी प्रेम करते. नळकांडी लावलेल्या मुलीवर करते. 'एव्हरीथिंग, एव्हरीथिंग'मध्ये आजारी मुलीचे प्रेम सुफळ व्हायचे, तर आधी ती आजारी नसल्याचे सिद्ध करावे लागते. जिला आजार खरोखर आहे अशी एखादी मुलगी हे पुस्तक वाचत असेल, तर तीनशे पाने आपलीच कथा म्हणून वाचल्यावर तिच्या हातात काय पडते? तिकडच्या अपंग आणि दीर्घ आजारी वाचकांनी नेमकी हीच तक्रार केली. तक्रार भावनिक आहे असे म्हणून कोणी ती बाजूला सारेल. मला ती सरळ हिशेबाची वाटते.

आणखी एक गोष्ट मला त्या हवाईच्या प्रवासात खटकली, ती आमच्या मुलीला मुळीच खटकली नव्हती. ऑलीने बरोबर यावे म्हणून मॅडलिन त्याला थाप मारते: कॅनडाहून मागवलेल्या नव्या गोळ्या मी घेते आहे, आता मला बाहेर जायला चालते. गोळ्या नसतातच. म्हणजे त्या क्षणी तिच्या समजुतीप्रमाणे ती त्या मुलाला, त्याच्या नकळत, स्वतःच्या मृत्यूतला सोबती करते. ती मेली असती तर त्या पोराने उरलेले आयुष्य काय करून काढायचे होते? एवढी मोठी गोष्ट. खऱ्या कादंबरीकाराने इथे थांबून घाम गाळला असता. कारण आईनेही हेच केले आहे. प्रेमापोटी एक खोटे निदान सांगितले. मुलीनेही प्रेमापोटी एक खोटा उपचार सांगितला. दोघी एकाच मातीच्या. हे साम्य पुस्तकात पडलेले आहे, उचलून घ्यायला कोणी येत नाही. नात म्हणाली, "अगं, नाहीतर तो आलाच नसता." तेच तर!

अशी आई असू शकते का, असे मला दोघांतिघांनी विचारले. असू शकते, आणि याहून भयंकर असू शकते. मुलाला आजारी भासवणाऱ्या, प्रसंगी आजारी पाडणाऱ्या पालकांच्या विकृतीला रॉय मेडो या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९७७ साली नाव दिले. ही कादंबरी निघाली त्याच २०१५ साली, तिच्या काही महिने आधी, मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका आईचा खून झाला. तिची मुलगी जिप्सी रोझ ब्लँचर्ड चाकाच्या खुर्चीत बसलेली, केस काढलेली, पोटातल्या नळीतून अन्न घेणारी म्हणून गावाला माहीत होती. तिला चालता येत होते. सांगितलेले बहुतेक आजार तिला नव्हतेच. आई डॉक्टर बदलत राहिली. जुने कागद मागितले, तर २००५ च्या कत्रिना वादळात वाहून गेले म्हणून सांगत राहिली. एका डॉक्टराला संशय आला होता, त्याने तसे टिपणही केले होते, पण पुढे काही हलले नाही. मुलीने इंटरनेटवर एक मित्र मिळवला आणि त्या दोघांच्या कटातून आईचा जीव गेला. मुलीला दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२३ च्या डिसेंबरात ती मुदतीआधी सुटली.

कोंडलेली मुलगी, खोटे आजार, पडद्यावरून भेटलेला मुलगा: सांगाडा तोच. ही हकीकत कोणी कादंबरी म्हणून माझ्याकडे आणली असती, तर प्रथम मीही मान हलवली असती. कथेत घडू शकणारे पण न पटणारे असण्यापेक्षा, घडू न शकणारे पण पटणारे असलेले बरे, असे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हणून ठेवले आहे, ते अशा वेळी आठवते. पण स्प्रिंगफील्डची हकीकत पटते, कारण तीत श्रम दिसतात. वादळात वाहून गेलेले कागद, बदललेले डॉक्टर, वर्षानुवर्षांची हजेरी. लबाडी हे कष्टाचे काम आहे, हे कर्जविभागात वीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. खोट्या पावत्या, खोटा सातबारा, खोटा भाडेकरार, सगळे एकमेकांशी जुळवत ठेवावे लागते, आणि जुळवणारा माणूस त्यात झिजतो. मॅडलिनच्या आईचे हे झिजणे आपल्याला दिसत नाही. संध्याकाळी ती घरी येते, मुलीबरोबर शब्दांचे खेळ खेळते, सिनेमा पाहते. दिवसभर दवाखान्यात खऱ्या आजाऱ्यांना तपासून आलेली ही बाई घरच्या निरोगी मुलीच्या कपाळाला हात लावते, तेव्हा तिच्या बोटांना काय कळत असेल?

फडके प्रभृतींनी आपल्याला गुंतागुंत, निरगाठ, उकल असे तीन शब्द दिले. त्यांची पुढे पुष्कळ टिंगल झाली, कथेचे यंत्र केले म्हणून. पण निरगाठ जितकी पक्की तितकी उकल कष्टाची, एवढी शिस्त त्या यंत्राला होती. इथे निरगाठ सैल आहे आणि उकल एका पत्राची. हवाईतल्या डॉक्टरणीने एकदा तपासले आणि जे सतरा वर्षांत कोणाला दिसले नाही ते तिला दिसले. कायदा तर या घराच्या उंबऱ्यापर्यंतही येत नाही.

यून यांनी एका ठिकाणी सांगितले आहे की स्वतःची मुलगी तान्ही असताना, नव्या आईच्या जिवाला लागणाऱ्या घोरातून त्यांना ही कथा सुचली. मला ते वाचून आश्चर्य वाटले नाही. पुस्तकातली जी थोडी पाने खरी वाटतात ती आईचीच आहेत. प्रत्येक आईने मध्यरात्री उठून बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना हे पाहिलेले असते. नवरा आणि मुलगा एकाच दिवशी गेलेल्या बाईचे बोट तिथून हललेच नाही, एवढीच खरे तर ही गोष्ट. जिथे भीती संपून गुन्हा सुरू होतो ती रेघ दाखवायची, तर धैर्य लागते. आणि तरुण वाचकांना ते पेलणार नाही असे समजण्याचे काही कारण नाही. 'सगळ्यांनाच कोणीतरी आत ठेवलेलं असतं' म्हणणाऱ्या मुलीला, आत ठेवणाऱ्या माणसाचीही गोष्ट समजली असती.

तसा एक प्रसंग पुस्तकात आहे. पत्र आल्यावर मॅडलिन आईच्या अभ्यासिकेत जाऊन कागदपत्रे उपसते. आई व्यवस्थित आहे. वर्षानुवर्षांचे कागद नीट लावून ठेवलेले आहेत. मुलगी एकेक काढून बघत जाते आणि ज्या एका कागदावर ही सगळी वर्षे उभी आहेत तो निदानाचा कागद तिला सापडत नाही. मी हा प्रसंग दोनदा वाचला. भरगच्च फाइल, प्रत्येक पान जागच्या जागी, आणि मूळ दस्तऐवजच नाही. अशा फायली मी हाताळल्या आहेत. त्या समोर आल्या की पोटात खड्डा पडतो, आणि समोर बसलेल्या माणसाकडे वर मान करून पाहायला वेळ लागतो. आई दारात येते. तिला विचारले जाते. तिला उत्तर देता येत नाही, कारण तिच्या मते कागद असायलाच हवा; तिने तो स्वतः कधीतरी पाहिलेला आहे अशी तिची खात्री आहे.

या खोलीत मी आणखी शंभर पाने आनंदाने बसले असते. मॅडलिन मात्र थोड्याच पानांत न्यूयॉर्कच्या विमानात बसते.